चुन्याचा उजेड

कुडवा नाक्यावर पंक्चरवाल्याकडे चाकात हवा भरत असताना मला माझाच आवाज ऐकू आला. आधी वाटलं आपणच काहीतरी पुटपुटलो. अलीकडे ती खोड लागलीच आहे. पण आवाज खालून येत होता, कॉम्प्रेसरच्या बाजूला स्टुलावर ठेवलेल्या मोबाइलमधून. 'लाइम म्हणजे लिंबू नाही रे बाप्पा. लाइम म्हणजे चुना. लाइमलाइट म्हणजे चुन्याचा उजेड.' मग पोरांचं हसणं. मग पुन्हा मी, जरा चढलेल्या आवाजात, घरच्या बोलीत: 'हासता कायले? माया बापानं साऱ्या गोंदियाले चुना लावला.' आणि मग जे हसणं उठलं ते उठलंच, त्यावर कोणीतरी मागाहून चिकटवलेली ढोलकी, आणि पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच, तीनदा. पंक्चरवाला पोट धरून हसला. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि काच खाली होती, म्हणून त्याला मी कळलो नाही. 'पायलं का भाऊ,' तो म्हणाला, 'मास्तर आहे म्हणे हा. असे मास्तर असल्यावर पोट्टे काय शिकतीन?' मी 'हाव ना' म्हणालो. खरंच म्हणालो. वर थोडा हसलोही. मग गाडी सुरू करून फुलचूरच्या रस्त्याला लागलो आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की पुढच्या चाकात हवा भरायची राहूनच गेली.

चुना लावणं म्हणजे फसवणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी एम.ए. झालेला, सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा अश्विन शहारे, मला ते त्या क्षणी ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? ठाऊक होतं. अकरावीच्या धड्यात 'इन द लाइमलाइट' असा शब्द येतो. गाईडात त्याचा अर्थ 'प्रसिद्धीच्या झोतात' असा छापलेला असतो, पोरं तो घोकतात, मी पुढे जातो. सव्वीस वर्षं मी असाच पुढे गेलो. त्या दिवशी मंजू नावाची दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, सर, याच्यात लिंबू कुठून आलं? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी काही विचारलं. मला इतका आनंद झाला की मी खडू ठेवून दिला. सांगत सुटलो, की वीज यायच्या आधी विलायतेच्या नाटकघरांत कळीच्या चुन्याचा खडा पेटत्या वायूच्या ज्योतीत धरायचे, तो तापला की असा काही पांढराशुभ्र उजेड द्यायचा की ज्या नटावर तो पडेल तेवढाच लोकांना दिसे, बाकी सगळे अंधारात. हे मी नागपूरला बी.ए.ला असताना एका जुन्या शब्दकोशात वाचलं होतं आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पोरांना काय त्याचं? मागून एक जण म्हणाला, 'सर, मंग तंबाखूच्या खर्ऱ्यातला चुना पेटवला तं उजेड पडंल का?' वर्ग हसला. आणि तिथे माझं बिनसलं. चुन्याला हसलेलं मला सहन झालं नाही. गंमत पाहा, ज्या चुन्याचा वास आला तरी मी रस्ता बदलत असे, त्या चुन्याची बाजू घेऊन मी चाळीस पोरांसमोर उभा राहिलो.

आणि जे बोललो ते वाक्य माझं नव्हतंच. ते बाचं होतं. माझा बा, भोजराज शहारे, अडतीस वर्षं या गावात घरांची पुताई, म्हणजे भिंतींना चुना फासायचं काम, करत होता. दिवाळीच्या आधीचा महिना तो घरी फक्त झोपायला यायचा. शेवटच्या दिवशी, सगळी घरं आटोपली की तो आणि त्याचा जोडीदार चुन्नीलाल घरापुढच्या छपरीत पाय पसरून चहा पीत बसायचे, आणि चहा संपता संपता बा ठरलेल्या सुरात म्हणायचा, 'काय गा चुन्नीलाल, आपन साऱ्या गोंदियाले चुना लावला, कोनी पोलिसात नाही गेलं.' चुन्नीलाल दर वर्षी नव्यानं हसायचा, ठसका लागेस्तोवर. माझी आई, पार्वताबाई, आतून ओरडायची, 'बस झालं आता, लोक आयकतीन.' मी आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेला असे आणि मला शरमेनं कानशिलं तापल्यासारखी वाटत. या माणसाला आपल्या फाटक्या धंद्यावर हसू येतंच कसं, असं मला वाटायचं. त्याच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नखांच्या मुळांशी चिरा पडलेल्या, त्यात आई रोज तेल भरायची. माझ्या वह्यांना तो हात लावायचा नाही. एकदाच लावला होता, पाचवीत, गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा. वहीवर चार बोटं उमटली आणि मी रडलो. पान फाडून टाकलं मी ते, त्याच्या देखत. त्याच वर्षी ड्रममध्ये कळीचा खडा टाकताना उकळतं पाणी उसळून त्याचा डावा डोळा गेला. उजव्याला म्हातारपणी काचबिंदू झाला. आता त्याला माणूस दिसत नाही, वस्तू दिसत नाही. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं.

माझे वडील रेल्वेत होते, असं मी सांगत आलो आहे. हे खोटं मी ठरवून बोललो असं नाही. सातवीत नवे गुरुजी आले, एकेकाला उठवून बापाचा धंदा विचारू लागले. कोणी शेती म्हणालं, कोणी दुकान. त्या आठवड्यात बा रेल्वेत, रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समन लोकांच्या क्वार्टरांची पुताई करत होता, मी रविवारी त्याचा डबाही घेऊन गेलो होतो. तर माझ्या तोंडून निघालं, 'रेल्वेत.' गुरुजी म्हणाले, 'वा, बस.' बस, एवढंच. कोणी बोट दाखवलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही, मी खाली बसलो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसारखं वाटलं. मग ते वाक्य माझ्यासोबतच वाढलं. कॉलेजच्या फॉर्मवर गेलं, नोकरीच्या अर्जावर गेलं, लग्नाच्या बायोडाट्यावर तर 'रेल्वे (निवृत्त)' असं टाइप होऊन गेलं. माझी बायको रचना अर्जुनी मोरगावची. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिला कळलं. रडली-बिडली नाही, उलट हसली. 'पास भेटंल म्हणून हाव म्हटलं होतं ना माया बाबानं,' म्हणाली, 'आता तिकीट काढून जावं लागंल माहेरी.' आणि पोळ्या लाटायला बसली. तिनं कधी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. बाला यातलं काही ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. चाळीस वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही, आणि न विचारल्यामुळे मी असं धरून चाललो की त्याला ठाऊक नाही. असं धरून चालण्यात मी तरबेज आहे.

घरी आलो तेव्हा बा छपरीत खाटेवर बसला होता. माझ्या गाडीचा आवाज तो ओळखतो. 'आला का गा अश्विन?' म्हणाला, रोजच्यासारखाच. पण मला त्यात काहीतरी जास्तीचं ऐकू आलं. मी सरळ बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि मोबाइल काढला. दोन लाख लोकांनी पाहिलं होतं. मी उलट्या बादलीवर बसून खालच्या कमेंट वाचत गेलो. कोणी लिहिलं होतं, लाइम म्हणजे लिंबू, इतकंही येत नाही? कोणी लिहिलं होतं, बाप चोर आणि पोरगा मास्तर, वाह. कोणी नुसतं माझं आडनाव लिहून पुढे लिहिलं होतं, 'कोट्यातून आले की असंच.' खाली सत्तर जणांनी अंगठे वर केले होते. मी त्या सत्तरांची नावं वाचली. त्यातली तीन माझ्या विद्यार्थ्यांची होती, एक सहकाऱ्याचं. विशेष म्हणजे मला राग आला नाही. मला वाटलं, झालं, सापडलो. पोरं नाही, मंजू नाही, तो व्हिडिओ काढणारा नाही. सातवीतल्या त्या वर्गातून कोणीतरी उठून चालत चालत इथवर आलं आणि त्यानं बोट दाखवलं. बाहेर बा खोकला. एकच विचार उरला: याला हे कळता कामा नये. याच्या नावाला गाव हसतंय, चोर म्हणतंय, हे या आंधळ्या म्हाताऱ्याच्या कानावर जाता कामा नये. तेव्हा मला हा विचार फार उदात्त वाटला होता, हेही सांगून टाकतो.

आमचे प्राचार्य इंद्रकुमार बिसेन मनानं वाईट माणूस नाही. त्यांना फक्त शांतता हवी असते, कोणतीही. शनिवारी सकाळी त्यांनी बोलावलं, चहा मागवला, म्हणाले, 'शहारे सर, आपल्यात काय लपवायचं, मला माहीत आहे तुमचं शिकवणं. पण संस्थेचं नाव येऊन राहिलं ना. पालकांचे फोन येऊन राहिले. दोन मिनिट बोलून टाका मोबाइलसमोर. मजाक होती म्हणा, बात खतम.' मी म्हटलं, सर, शब्दाचा अर्थ बरोबर आहे. शब्दकोश आणून दाखवतो. तर म्हणाले, 'अरे बरोबर असंल ना, कोण नाही म्हणते? पण लोकांना लिंबू वाटते तं लिंबू राहू द्या. आपलं काय जाते?' मी चहा संपवला. ऑफिसातल्या केवलरामनं गॅदरिंगच्या व्हिडिओसाठी घेतलेला गोल दिवा आणला, स्टँडवर लावला, माझ्या तोंडासमोर धरला. दिवा लागला आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. बिसेन सर दिसेनात, केवलराम दिसेना, भिंतीवरचे फोटो दिसेनात. नुसता पांढरा गोल, आणि त्याच्यापलीकडून 'बोला सर' असा आवाज. वर्गात मी पोरांना सांगितलं होतं की उजेडात उभा असलेला माणूस लोकांना दिसतो. त्या माणसाला लोक दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

मी म्हणालो, वर्गात विषय सोपा व्हावा म्हणून मी विनोद केला. लाइम या शब्दाचे अनेक अर्थ होतात. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे. इथे थांबायचं होतं. बिसेन सरांनी एवढंच सांगितलं होतं, याच्यापुढे कोणी काही मागितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या पांढऱ्या गोलासमोर माझं तोंड चालूच राहिलं, आणि ते वाक्य आपसूक आलं, चाळीस वर्षांचं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. 'त्या वाक्याचा माझ्या कुटुंबाशी काहीही संबंध नाही. पुताई वगैरे आमच्या घरात कोणी कधी केलेली नाही. माझे वडील रेल्वेत होते.' केवलरामनं दिवा बंद केला. बिसेन सर खूश झाले. 'एकदम फर्स्ट क्लास,' म्हणाले, 'रेल्वेवालं चांगलं घेतलं.' तासाभरात ते कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर गेलं. मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. एक ओझं उतरवून दुसरं उचलल्यासारखं झालं. तरी मी स्वतःला म्हणालो, बाचं नाव वाचवलं आपण. आता कोणी त्याला चोर म्हणणार नाही. आता त्याला कोणी काहीच म्हणणार नाही.

दुपारी घरी आलो तर बा छपरीत आरशासमोर बसला होता. आंधळा माणूस आरशासमोर, कारण दाढी करायची ती जागा पूर्वापार तीच. माझी मुलगी प्रेरणा, नागपूरला नर्सिंगला असते, सुट्टीवर आलेली, त्याच्या गालाला साबण लावत होती. खाटेवर माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. मी म्हटलं, काय आहे आज? बा म्हणाला, 'आज नाही, उद्या. तू मले सांगतलं काऊन नाही गा?' मी म्हटलं, 'काय?' 'तूनं वर्गात मायं नाव घेतलं म्हून. पोरीनं आयकवलं मले. आठ दिवस झाले आयकून राहिलो.' प्रेरणा हसली, 'पप्पा, तुम्ही कॉलेजात गेलात की आबा रोज दहादा लावायला लावतात. दुपारी झोपेतून उठले की पहिले तेच.' मी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, 'वाईट कमेंट नाही वाचत मी त्यांना.' बा आपल्याच नादात होता. अर्ध्या गालाला साबण, अर्धा कोरडा, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहिलं तेव्हा पुस्तकात डोकं घातलं होतं. 'दोन लाख लोक म्हणे,' तो म्हणाला. 'दोन लाख लोक हासले गा माया बोलन्यावर. पयले एकटा चुन्नीलाल हासे.' मग आवाज खाली आणून, 'मले वाटे, तुले माया धंद्याची लाज वाटते. मी तसा बोललो नाही कधी. पन वाटे.'

मी काय बोललो? मी म्हणालो, 'नाही गा बा, लाज कायची.' आणि आत जाऊन पाणी प्यायलो. एक ग्लास, मग दुसरा. रचनानं विचारलं, बरं नाही का? तिच्याकडूनच कळलं, उद्या ओमेश नावाचा एक मुलगा येणार होता, त्याचं बातम्यांचं चॅनल आहे मोबाइलवरचं. 'गोंदियाले चुना लावणारे बाबा' अशी मुलाखत घ्यायला. प्रेरणानंच त्याच्याशी बोलून ठरवलं होतं. बानं चुन्नीलालला निरोप धाडला होता, बाहेर सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं. अडतीस वर्षं तो लोकांच्या घरांत शिरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दिवाळीला लोक म्हणत, घर उजळलं. कोणी उजळलं ते कोणी पुसलं नाही. मी तर घरातलाच, मीही नाही. आणि आता कोणीतरी त्याच्याकडे तोंड करून येणार होतं. हे मला तिथे, माठाशेजारी उभा असताना, लख्ख समजलं. इतकं लख्ख की त्यावर काही उपाय नाही हेही त्यातच दिसलं. गावानं त्याची थट्टा केली असं मी समजत होतो. थट्टा त्याचीच होती, त्यानंच रचलेली, आणि गावानं ती ऐकून त्याला हवं तेच केलं होतं, हसलं होतं. सगळ्या गोंदियात ती न समजलेला माणूस मी एकटाच.

संध्याकाळी प्रेरणा स्वयंपाकघरात आली. हातात मोबाइल. तिनं मला तो दाखवला नाही, नुसता उलटा करून ओट्यावर ठेवला. 'पप्पा, हे कायले केलं?' घरात ती असं बोलत नाही, शिकलेलं बोलते. तेव्हा बाचीच बोली तिच्या तोंडात आली. मी म्हटलं, तुला नाही समजणार, नोकरीत असं करावं लागतं. 'त्यांनी रेल्वे म्हणायला लावलं?' मी माठावरचं झाकण सरळ केलं. 'आबांना मी सांगणार नाही,' ती म्हणाली. 'तुम्ही सांगा. उद्या दहाला तो पोरगा येईल. त्याच्या आधी सांगा.' रचना कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली. तिची सुरी जराही थांबली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणजे तिला हे अपेक्षितच होतं. मी म्हटलं, सांगतो. आणि बाहेर बाजवळ जाऊन बसलोसुद्धा. तो मला कळीचा चुना कसा ओळखायचा ते सांगत होता, उद्या काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होता. खडा हलका लागला पाहिजे, वाजवला तर मडक्यासारखा वाजला पाहिजे, नीळ जास्त झाली तर भिंत आजारी दिसते. मी ऐकत होतो. सहाशे वेळा तोंड उघडलं असेल. मनाशी म्हणालो, कोण पाहतो दिलगिरीचे व्हिडिओ? लोक फजिती पाहतात, माफी कोणी पाहत नाही. त्या ओमेशला काय ठाऊक असणार? बा उद्या बोलेल, हसतील लोक, निभावून जाईल. निभावून जाईल, हा आमच्या पिढीचा खरा मंत्र. मी उठलो तेव्हा बा म्हणाला, 'तूही बसजो उद्या माया बाजूले.' मी म्हणालो, बसतो.

रविवारी दहाला ओमेश आला. विशीतला, चुणचुणीत, पाया पडला बाच्या. चुन्नीलाल आधीच येऊन बसला होता, तोही पांढऱ्यात, दोन्ही म्हातारे खाटेवर शेजारी शेजारी. मी बाच्या उजव्या हाताला खुर्चीवर. प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून. ओमेशनं दिवा लावला आणि बानं मान वर केली, उजेडाकडे बरोब्बर. तेवढं त्याला कळतं. 'बोला बाबा,' ओमेश म्हणाला, आणि बा बोलू लागला. काय बोलला. मला ठाऊक नव्हतं या माणसाला असं बोलता येतं. डोळा गेल्याचंही त्यानं हसवत सांगितलं, 'चुन्यानं सारं गाव पांढरं केलं, मंग म्हणे आता तुया डोळा राहिला.' चुन्नीलालला ठसका लागला. ओमेशही हसला. मग तो जरा घुटमळला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'बाबा, राग नोका मानू. पन काल सरनं एक व्हिडिओ टाकला. त्याच्यात सर म्हणतेत का तुमी रेल्वेत होते. लोक मले इचारतीन, खरं काय म्हून. आयकवू का?' मी नको म्हणू शकलो असतो. खुर्चीतून उठू शकलो असतो, दिव्याची पिन काढू शकलो असतो. बा म्हणाला, 'आयकव ना.' त्याला वाटलं, पहिल्यासारखंच काहीतरी असेल.

माझा आवाज छपरीत आला, स्वच्छ, शुद्ध, कॉलेजातला. पुताई वगैरे आमच्या घरात कोणी कधी केलेली नाही. माझे वडील रेल्वेत होते. या वेळी ढोलकी नव्हती, पोरांचं हसणं नव्हतं. चुन्नीलालचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, 'हे काय गा भोजराज? मंग मी कोनासंगं होतो अडतीस वर्षं?'  बाचा हात खाटेच्या कडेवरून फिरत होता, सावकाश, मागेपुढे, काही शोधत असल्यासारखा, आणि माझ्या खुर्चीच्या हातापाशी येऊन थांबला. माझ्या हाताला लागला नाही. ओमेश म्हणाला, 'बाबा, चालू आहे. काय सांगू लोकायले?' एवढ्यात मी बोलू शकलो असतो. एक वाक्य होतं. खोटं बोललो, हा माणूस माझा बाप आहे आणि यानं तुमची घरं उजळली. इंग्रजीत, मराठीत, घरच्या बोलीत, मला तीन भाषा येतात. दारातून प्रेरणा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत अजून, अजूनही, थोडी आशा होती. बानं घसा साफ केला. 'पोरगा खरं सांगते,' तो उजेडाकडे तोंड करून म्हणाला. 'मी रेल्वेत होतो. हे चुन्याचं आमी गमतीनं म्हणो.' चुन्नीलाल उठून उभा राहिला. ओमेशनं विचारलं, 'रेल्वेत काय काम होतं बाबा?'

बाला रेल्वेतलं एकही काम माहीत नव्हतं. क्वार्टरांच्या भिंती तेवढ्या माहीत होत्या. तो ओठ हलवत काहीतरी जुळवू लागला, आणि मग माझ्या बाजूला मान वळवून अगदी साध्या आवाजात, एखाद्याचं नाव आठवत नसलं की विचारतात तसं, म्हणाला, 'अश्विन, काय होतो गा मी? सांग ना यायले.'

दिवा चालू होता. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, 'पॉइंट्समन.'

'हाव,' बा म्हणाला. 'पाइंटमन.'